पहिली गिटार घेताना बाराव्या पट्टीवर नजर टाका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांनी काय शिकावं यावर पानभर मजकूर होता. त्यात गिटारीचीही एक चौकट होती. दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंतच्या किमती दिल्या होत्या, रंग दिले होते, सोबत काय काय फुकट मिळतं तेही दिलं होतं. चौकट मी दोनदा वाचली. तारा मानेवरच्या धातूच्या पट्टीपासून किती उंच असाव्यात याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. पहिली गिटार मुलाच्या हातात टिकेल की दिवाळीपर्यंत कपाटावर जाईल, हे माझ्या अनुभवात बरंचसं त्या एका मापावर ठरतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण जागा असेल तर सगळं छापावं ही विनंती.

मी भुसावळचा. रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको वर्कशॉपमध्ये, ज्याला आम्ही पीओएच म्हणतो, तिथे फिटर म्हणून अडतीस वर्षं काढली आणि २०१७ साली निवृत्त झालो. गिटार तरुणपणी रेल्वे क्वार्टरमध्येच शिकलो. आता ओसरीवर एक टेबल टाकलं आहे. गावातली, यावल-रावेरकडची, कधी अमळनेर-चोपड्याची पोरं गिटारी घेऊन येतात, त्या नीट करून देतो. पैसे सामानापुरते घेतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. माझी नात जळगावला असते, तेरा वर्षांची आहे. मुलानं तिच्या वाढदिवसाला ऑनलाइन गिटार मागवली. निळी, चकचकीत, ४० इंची, २,७९९ रुपयांची. सोबत पिशवी, पट्टा, तारा छेडायचे तीन पिक आणि जादा तारांचा एक संच. पहिल्या आठवड्यात तिचा रोज फोन यायचा. मग फोन यायचे, पण गिटारीचा विषय निघायचा नाही. दिवाळीला भुसावळला आली तेव्हा गिटार आणलीच नव्हती. विचारलं तर म्हणाली, "आबा, मले नाही जमत ते. माह्ये बोटंच तसे नाहीत."

तिचा डावा हात मी उजेडात धरून बघितला. नव्यानं शिकणाऱ्याची बोटं दुखतातच. तीन-चार आठवडे दुखतात, मग टोकं निबर होतात. पण तिच्या तर्जनीवर तारेचा वळ कापल्यासारखा खोल होता. ते नेहमीचं दुखणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलाला जळगावहून गिटार आणायला लावली आणि टेबलावर घेतली.

ज्यांच्या घरात गिटार आहे त्यांनी हे सोबत करून बघावं. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. डोक्याकडून मोजत बाराव्या पट्टीवर या. तिथे बहुतेक गिटारींवर दोन ठिपके असतात. पट्टीच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते मिलिमीटरच्या फूटपट्टीनं मोजा. स्टीलच्या तारांच्या गिटारीत सगळ्यात जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि सगळ्यात बारीक तारेखाली दोन असली तर शिकणाऱ्याचा हात सुखानं चालतो. तीनपर्यंत ओढूनताणून चालवता येतं. नातीच्या गिटारीत जाड तारेखाली चार भरली.

त्याहून मोठा घोटाळा दुसऱ्या टोकाला होता. मानेच्या वरच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथे प्लास्टिकची किंवा हाडाची आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिच्यातल्या खाचा कारखान्यात वरच्यावर कापून सोडून दिल्या होत्या. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मध्ये दाबली की पहिल्या पट्टीवर केसभर फट उरली पाहिजे. इथे माझ्या फट मोजायच्या फीलर गेजचं जाडजूड पान सहज सरकत होतं. पहिली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जोड, शिकताना मूल जिथे बोट ठेवतं, नेमकी तिथेच तार सगळ्यात कडक होती. शिवाय इतकी उंच तार खाली दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. नातीसमोर मी सहाही तारा मोबाइलच्या ट्यूनरवर बरोबर लावल्या आणि तिला सी कॉर्ड धरायला सांगितली. कॉर्ड बेसुर. दुसऱ्या तारेवर पहिल्या पट्टीचा सूर एकटा वाजवला तर काटा उजवीकडे, चढ्या बाजूला गेला. ती बघतच राहिली. तीन महिने तिला वाटत होतं की आपला कान खराब आहे आणि बोटं खराब आहेत. संपादक महोदय, मला राग आला तो इथे. वस्तू खराब असली तर बदलता येते, पण तेरा वर्षांच्या पोरीनं स्वतःतच खोट आहे असं धरून बसावं, हे मला सहन झालं नाही.

मग काम सुरू केलं. नटच्या खाचा उतरवायला बाजारात खास बारीक कानशी मिळतात, पण त्या महाग असतात. मी वर्कशॉपमधली जुनी युक्ती वापरतो. गॅस कटिंगच्या नोझलमधली काजळी काढायला वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत तारांचा एक छोटा संच येतो. त्यातली तारेच्या जाडीला जुळणारी सळई घ्यायची, खुंटीकडे किंचित उतार ठेवून खाच दोन-चार हात घासायची, तार बसवायची, फट बघायची, पुन्हा घासायची. घाई केली आणि खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या पट्टीवर झणझण वाजते आणि नट नवा बसवावा लागतो. मानेच्या आत पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. मान पुढे वाकली होती म्हणून ती एलन कीनं पाव फेरा आवळली, थोडा वेळ थांबलो, पुन्हा तपासलं. बाराव्या पट्टीवर चारचे ३.६ मिलिमीटर झाले. खाली जिथे तारा गिटारीच्या अंगावर अडकवलेल्या असतात त्याला पूल म्हणतात. उरलेली उंची त्या पुलावरच्या पांढऱ्या पट्टीतून काढली. तिला सॅडल म्हणतात. बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर येते, म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडलचे दोन मिलिमीटर काढावे लागतात. पेन्सिलनं रेघ मारली, काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि सॅडलची खालची बाजू सपाट घासत आणली. तारा चढवून मोजलं तर २.६.

सगळं मिळून दीड तास. खर्च एका नव्या तारांच्या संचाचा. जुन्या तारांचं पाकीट आलं नव्हतं, पण जाडी मोजली तर बारीक तार ०.०१२ इंचाची होती. मी ०.०१० चा संच चढवला. बाराच्या संचात सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, दहाच्या संचात तो साठच्या आसपास येतो. तेवढा फरक लहान बोटाला कळतो. संध्याकाळी नातीनं तीच सी कॉर्ड धरली आणि सहाच्या पाच तारा स्वच्छ बोलल्या. सहावी त्या कॉर्डमध्ये वाजवायचीच नसते. ती काही बोलली नाही. पण रात्री जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

हे मला कोणी शिकवलं तेही लिहितो, कारण भुसावळच्या नव्या पोरांना तो काळ ठाऊक नाही. आमच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. त्यात एक ड्रायव्हर साहेब होते. नाईट ड्युटी करून आले की दुपारी झोप झाल्यावर व्हरांड्यात गिटार घेऊन बसायचे. मी १९७९ साली नोकरीला लागलो तेव्हा एकविसातला पोरगा होतो. त्यांच्या कुंपणाशी उभा राहून ऐकायचो. एक दिवस त्यांनीच आत बोलावलं. वाजवायला नंतर शिकवलं, आधी सॅडल घासायला बसवलं. खाटकाकडून नळीचं हाड आणायचे, उकळून, वाळवून, करवतीनं कापून त्याची पट्टी करायचे. हाड घासताना केस जळल्यासारखा वास येतो, तो अजून माझ्या नाकात आहे. दोन-तीन वर्षांनी ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना गिटार मला दीडशे रुपयांना दिली. कोलकात्याची गिव्हसन. तिच्यावर त्यांच्या हातची हाडाची सॅडल आजही आहे.

आता ज्यांना नवी घ्यायची आहे त्यांच्यासाठी. पहिला प्रश्न सगळे विचारतात, नायलॉनची घेऊ की स्टीलची? नायलॉनच्या तारांचा ताण चाळीस किलोच्या आसपास असतो, बोटांना मऊ लागतात. पण त्या गिटारीची मान रुंद असते, नटजवळ साधारण ५२ मिलिमीटर. स्टीलवाली तिथे ४३ च्या आसपास. बोटं आखूड असतील तर रुंद मान अवघड जाते. एकेक तार बोटानं छेडून वाजवायची आवड असेल तर नायलॉन घ्या. गाण्याला साथ करायची असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना तेच करायचं असतं, तर बारीक संचाची स्टीलवाली घ्या. पण नायलॉनच्या गिटारीवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. गेल्या मे महिन्यात एक मुलगा अशीच गिटार घेऊन आला. नायलॉनची तार तुटली म्हणून दुकानात कोणीतरी स्टीलचा संच चढवून दिला होता. पंधरा दिवसांत पूल उखडून वर आला, खालचं लाकूडही सोलून घेऊन. त्या गिटारीची छाती तेवढ्या ताणासाठी बांधलेलीच नसते. दोन दिवस सरस लावून, शिकंजे आवळून ठेवली, पण आवाज पहिल्यासारखा आला नाही.

आकाराचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ४१ इंची गिटार देऊ नका. खांदा वर जातो, उजवा हात तारांपर्यंत नीट पोचत नाही. त्याला ३६ इंची, जिला पाऊण आकाराची म्हणतात, ती घ्या. बारा-तेराच्या पुढे ३८ ते ४० इंची चालते. दुकानात मुलाला घेऊन जा, हात नसलेल्या खुर्चीत बसवा, मांडीवर गिटार द्या आणि त्याचं नाक-डोळे न बघता खांदा बघा.

पैशांचं. तीन-साडेतीन हजारांतही बरी गिटार निघते, आणि आठ हजारांतही तारा पाच मिलिमीटर उंच असलेली मी पाहिली आहे. यामाहाची एफ ३१० किंवा नायलॉनमध्ये त्यांचीच सी ४० परवडत असेल तर विचार फार करू नये. दोन्ही मॉडेल मी बऱ्याच वेळा उघडून पाहिली आहेत, काम सारखं असतं. पण दहा हजारांच्या आसपासचा तो आकडा आमच्या भागात प्रत्येक घराला झेपत नाही, हे मला माहीत आहे. ज्याच्याकडे पाच हजार आहेत त्यानं चार हजारांची साधी, लाकडी रंगाची, मशीन नसलेली गिटार घ्यावी आणि उरलेल्या हजारात ती नीट करून घ्यावी, दहाचा तारांचा संच घ्यावा, एक कॅपो घ्यावा, तो काय ते पुढे सांगतो. साध्या गिटारीत पिकअप, म्हणजे स्पीकरला जोडायचं विजेचं मशीन, बॅटरीचा डबा, बटणं बसवलेली असली तर ते पैसे लाकडातून आणि कामातून कापलेले असतात. घरात बसून शिकणाऱ्याला ती बटणं लागत नाहीत. फुकट मिळणाऱ्या दहा वस्तूंचंही तेच. पट्टा उभं राहून वाजवायला लागतो, शिकाऊ माणूस बसून वाजवतो. ट्यूनर मोबाइलमध्ये फुकट मिळतो. मागे गोंगाट असेल तर गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर चांगला, तो हवेतला आवाज न घेता लाकडाची थरथर पकडतो, त्यामुळे शेजारी लग्नाची वरात चालली असली तरी गोंधळत नाही. पाय उंच ठेवायला स्टूल विकत आणू नका. देवघरातला नको, जेवायचा पाट पुरतो.

बऱ्याच पालकांचा आग्रह असतो की आधी साधी गिटार शिक, मग इलेक्ट्रिक. मला ते पटत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा ०.००९ पासून असतात, उंची दीड-दोन मिलिमीटर, बोटांना सगळ्यात सोपी तीच. ज्या पोराच्या डोक्यात तेच वाजवायचं आहे त्याला जबरदस्तीनं दुसरं देऊ नये. मात्र तिला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, वायर लागते, आणि वीज लागते. खोलीपुरता दहा वॉटचा अ‍ॅम्प पुष्कळ होतो. पन्नास वॉटचा घेऊन एकावर ठेवून वाजवण्यात पैसा आणि आवाज दोन्ही वाया. ज्या गावात संध्याकाळी भारनियमन आहे तिथे साधी गिटार बरी.

जुनी गिटार घ्यायला लाजू नका. जळगाव, फैजपूर, शिरपूरला इंजिनिअरिंगची पोरं शेवटच्या वर्षानंतर गावी जाताना अर्ध्या किमतीत देतात. बघायची कशी? ट्रॅकवर मुकादम जसा रुळावर वाकून एका डोळ्यानं लाईन बघतो, तशी गिटारीच्या डोक्याकडून मानेवर नजर लावा. दोन्ही कडा सरळ गेल्या पाहिजेत. किंचित पुढे वाक असेल तर ट्रस रॉडनं निघतो. पिळवटली असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर सोडून द्या. पुलाच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, आत गेला तर पूल सुटत चालला आहे. मान जिथे डोक्याला मिळते तिथे नखानं चाचपा, जुना तडा पॉलिशखाली लपवलेला असतो. मग प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर वाजवा. बारा गुणिले सहा, बहात्तर सूर. पाच मिनिटं लागतात. विकणाऱ्याला घाई असली तर तुम्ही करू नका. शेवटी बाराव्या पट्टीवर तारेला नुसतं बोट टेकवून वाजवा, मग तीच दाबून वाजवा. दोन्ही सूर ट्यूनरवर एकच आले पाहिजेत.

कॅपोबद्दल मी वर घाईत लिहिलं, पण आपल्याकडच्या शिकणाऱ्याला त्याचा जेवढा उपयोग आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही. कॅपो म्हणजे मानेवर लावायचा चिमटा, दोन-तीनशे रुपयांत येतो. आमच्याकडे गाणं पेटीवर असतं, आणि पेटीवाला विचारतो, "काळी एक ना?" नव्या मुलाला काळी एकच्या, म्हणजे सी शार्पच्या कॉर्ड धरता येत नाहीत. एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायची कामं. कॅपो पहिल्या पट्टीवर लावला की साधी सी कॉर्ड काळी एक होते. जी धरली की काळी चार, ए धरली की काळी पाच, डी धरली की काळी दोन. एका चिमट्यानं मुलगा भजनी मंडळात बसू शकतो. आमच्या गल्लीतल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांच्यात नात यंदा गिटार घेऊन बसली. पोरी काळी चारमध्ये म्हणत होत्या. तिनं कॅपो लावून जी, सी, डी या तीनच कॉर्डवर सगळी गाणी काढली. त्या दोन तासांत तिचा जेवढा रियाज झाला तेवढा मोबाइलवरचे धडे बघून महिनाभरात झाला नव्हता.

एक गोष्ट पुण्या-मुंबईचे लेख सांगत नाहीत, कारण त्यांना ती भोगावी लागत नाही. आमचं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५-४६ वर जातो. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पण पट्ट्या धातूच्या असतात, त्या आकसत नाहीत. मानेच्या कडेवरून तळहात फिरवला की त्यांची टोकं खिळ्यासारखी बोचतात. मे-जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिटारींची हीच तक्रार असते. नवी घेताना दुकानातच हा हात फिरवून बघा. पत्र्याच्या घरात माळ्यावर, बंद गाडीत, पश्चिमेच्या भिंतीला गिटार ठेवली तर सरस मऊ पडतो आणि पूल हलतो. आणि कूलरसमोर ठेवू नका. रात्रभर ओला वारा, दिवसभर कोरडी झळ, या दोन्हीत लाकूड फुगतं आणि आकसतं आणि शेवटी उकलतं. पलंगाखाली, पिशवीत, घराच्या मधल्या खोलीत ठेवा. उन्हाळ्यात मी भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज ठेवून ती डबी पिशवीत टाकतो. आठवड्यातून दोनदा स्पंज ओला करायचा. पावसाळा लागला की डबी काढून ठेवायची. महिनाभर वाजवणार नसाल तर तारा एक-दोन स्वर उतरवून ठेवा. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसा. आमच्या घामानं त्या दोन महिन्यांत काळ्या पडतात, पुसल्या तर चार-पाच महिने निघतात.

आता माझी मागणी. जळगावचं फुले मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो की आमचं भुसावळ, वाद्यं विकणाऱ्या दुकानदारांनी गिटार गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी अर्धा तास तिच्यावर घालवावा. नट, सॅडल, ट्रस रॉड. त्याचे दोन-तीनशे रुपये वेगळे लावले तरी माझी हरकत नाही, पालकही देतील, फक्त आधी सांगा. हे काम सुतारकाम शिकलेल्या मुलाला आठ दिवसांत शिकवता येतं, मी शिकवायला तयार आहे. आयटीआय झालेली कितीतरी पोरं आमच्याकडे रिकामी आहेत. आणि आपल्याला विनंती अशी की पुढच्या पुरवणीत किमतींची यादी थोडी कमी छापा, पण बाराव्या पट्टीवर तार कशी मोजायची त्याचं एक साधं चित्र छापा. चित्र मी काढून पाठवतो.

श्रावण लागायच्या आठ दिवस आधी अमळनेरहून एक मुलगा सुरत लाईनच्या पॅसेंजरनं आला होता. गिटार खताच्या पोत्यात गुंडाळलेली. वडील हमाली करतात. गिटार कोणाची तरी जुनी, नऊशे रुपयांत घेतलेली. "आबा, मन्हा बोटे दुखतस," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. सॅडल प्लास्टिकची होती, मधे चिरलेली. माझ्याकडे ड्रायव्हर साहेबांच्या वेळचा हाडाचा एक तुकडा राहिला होता, तो कापून बसवला. बाराव्या पट्टीवर अडीच आणि दोन. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्या गल्लीत कानबाई, आमची खानदेशची देवी, बसणार होती. त्याची आई आणि मावशा गाणी म्हणतात, त्यांच्यासोबत वाजवायचं आहे म्हणाला. कोणत्या पट्टीत म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आईला फोन लाव आणि एक ओळ गायला सांग. तिकडून ती माउली आधी लाजली, मग गायली. काळी चार. माझा कॅपो काढून त्याच्या गिटारीला लावून दिला, आणि जी कॉर्ड धरायला सांगितली. फोन चालूच होता. तिकडे आई गात होती, इकडे तो वाजवत होता. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी थांबवलं नाही. कॅपो त्याच्याकडेच आहे, मला जळगावहून नवा आणायचा आहे.

आपला नियमित वाचक,
एक सेवानिवृत्त रेल्वे फिटर, भुसावळ